खाटेवरून दवाखाना कसा दिसतो?

दुसरबीडहून बोलतोय. मी इंटिरियरची कामं करतो. गावात हे सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे पीओपी आणि फर्निचर ना?" हो, तेही करतो. पण आज दवाखान्याच्या आतल्या जागेबद्दल बोलायचंय. बंगल्यात माणूस हौसेनं राहतो, दवाखान्यात कुणी हौसेनं जात नाही.

माझ्या आजीला आम्ही शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. दारातच आरशासारखी चकचकीत फरशी. आजीनं देवळाबाहेर काढतात तशा चपला बाहेर काढल्या आणि ओल्या फरशीवर भिंत धरत धरत आत गेली. काउंटर इतकं उंच, की पलीकडच्या मुलीचं तिला नुसतं कपाळ दिसत होतं. पाट्या सगळ्या इंग्रजीत. घरी आल्यावर म्हणाली, "गोळ्या आणून दे बाप्पा, मी काही तिथं पुन्हा जायची नाही." डॉक्टर चांगले होते, औषधही लागू पडत होतं. तरी पुढची तपासणी राहिली. ती राहिली जागेमुळं.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं अशीच असतात. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नेमका हाच प्रश्न लोकांना विचारला होता. १९८६ मध्ये त्यांनी 'सर्च' संस्था सुरू केली. आदिवासी मंडळी सरकारी दवाखान्यात का येत नाहीत? उत्तरं फार साधी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यातले डॉक्टर-नर्स बघून धडकी भरते, कारण आम्ही पांढरं कापड प्रेतावर घालतो. पेशंटजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी घरांसारखा बांधला. नातेवाइकांना राहता येईल अशा झोपड्या केल्या. नाव ठेवलं माँ दंतेश्वरी दवाखाना. म्हणजे तिथं डिझाइन कशापासून सुरू झालं? टाइल्सच्या कॅटलॉगपासून नाही, लोकांना विचारण्यापासून.

दुसरं उदाहरण पार फिनलंडचं आहे. पायमिओ गावात १९३३ मध्ये टीबीच्या रुग्णांसाठी एक मोठा दवाखाना उभा राहिला. आर्किटेक्ट आल्व्हार आल्टो. त्यांनी विचार केला की खोलीत माणूस उभा नसतो, तो आडवा असतो. त्याला दिवसभर दिसतं ते छत. म्हणून छताला शांत रंग दिला. दिवा डोळ्यांवर येणार नाही असा लावला. बेसिनचा आकार असा केला, की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारच्या खाटेवरचा जागा होऊ नये. आपल्याकडे मात्र ट्यूबलाइट बरोबर पेशंटच्या तोंडावर असते!

ही सगळी नुसती सजावट आहे असं वाटत असेल, तर आणखी दोन गोष्टी ऐका. १९८४ मध्ये रॉजर उलरिख यांनी अमेरिकेतल्या एका दवाखान्यातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ पेशंटांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. दुसरी गोष्ट पेरू देशातल्या लिमा शहराची. तिथल्या आठ दवाखान्यांतला अभ्यास २००७ मध्ये छापून आला. दारं-खिडक्या उघडल्या की उंच छताच्या जुन्या इमारतींत हवा इतकी खेळायची, की यंत्रानं हवा फिरवणाऱ्या नव्या खोल्या मागं पडल्या. टीबी हवेतून पसरतो. म्हणजे खिडकी हासुद्धा इलाजाचाच भाग झाला.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या जुन्या घरांची ओसरी आठवा. बाहेरून आलेला माणूस आधी तिथं टेकायचा. सावली, वारा, पाण्याचा तांब्या, आणि आत कोण काय करतंय हेही दिसायचं. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढं जातो तेव्हा दवाखान्यात थांबलेल्या माणसाला याहून वेगळं काय लागतं? काचेची बंद लॉबी की ओसरी, तुम्हीच सांगा.

आता तुमच्या हातातल्या मोबाइलचं काम. गावातल्या दवाखान्यात, बँकेत, ग्रामपंचायतीत जा. लेव्हलचं ॲप उघडून रॅम्पवर ठेवा. एक फूट चढायला बारा फूट उतार हवा, म्हणजे साधारण पावणेपाच अंश. ॲप दहा दाखवत असेल, तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा घाम निघणार. दार मोजा, मोकळी जागा ९० सेंटिमीटर तरी हवी. बाकावर बसून बघा, पाटी वाचता येते का, पंखा लागतो का, संडास कुठं आहे ते न विचारता कळतं का. फोटो काढा, पण पेशंटचे नको.

मग ते आकडे घेऊन ग्रामसभेत उभे राहा. "दवाखाना चांगला करा" म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. "रॅम्प दहा अंशांचा आहे, पाच करा" म्हटलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. बाक, मराठी पाटी, दिव्याची जागा, खरबरीत फरशी, यातलं काहीच लाखोंचं काम नाही.

तुमच्या गावात काय सापडलं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात एसटी स्टँडच्या बाकड्यांबद्दल बोलू. तोवर, राम राम!