कचेरीची भाषा, घरची भाषा

(गोंदिया येथील युवा मेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा प्राध्यापक नाही. तरी आज भाषेवर बोलतो, कारण या विषयात माझीही एक चूक आहे.

लढाई जिंकणाऱ्याची भाषा लोक बोलू लागतात, असे आपण समजतो. पण नुसत्या तलवारीने तोंडातली भाषा बदलत नाही. लढाईनंतर जी कचेरी उघडते, ती बदलते. अर्ज, वकील, फिर्याद, जामीन, तहसील, जिल्हा हे सगळे शब्द अरबी-फारसीतले. सुलतानांच्या, मोगलांच्या काळात गावचा शेतकरी फारसी बोलू लागला नाही. पण सरकारदरबारी काम पडले की हे शब्द लागायचे, म्हणून ते मराठीत बसले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १८३७ मध्ये कंपनी सरकारनेही कचेऱ्यांतून फारसीची सक्ती काढली. तरी आपण आजही अर्जच करतो. म्हणून "तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता" असे कुणी म्हणाले, तर मी रागावत नाही. ही मराठी आपल्या सगळ्यांची मिळून घडली आहे.

पण ज्या भाषेला कचेरीच मिळाली नाही, तिचे काय होते?

आपल्या भागात गोंडांची राज्ये होती. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याने औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला आणि १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. राजाचा धर्म बदलला, प्रजेची गोंडी बदलली नाही. पुढे देवगड भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. कागद मराठीत झाले, मग इंग्रजीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो, पलीकडचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. इकडे शाळा मराठी, तिकडे हिंदी. दोन्हीकडे गोंडी बोलणारी लेकरे, आणि कारभाराची भाषा गोंडी कुठेच नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख आहेत. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत गोंडी अजून नाही.

आता माझी चूक. एका अर्जाच्या ॲपसाठी भाषांची यादी मी केली होती. "मागणी नाही" म्हणून गोंडी टाकली नाही. गावी आलो तेव्हा सालेकसाकडच्या एका आजीला तिचा नातू तो अर्ज हिंदीत समजावत होता. आजी "हो, हो" म्हणत होती. तिला काय कळले, हे मी विचारलेही नाही. त्या रात्री लक्षात आले की आजची कचेरी मोबाईलमध्ये आहे, आणि तिचा कारकून मी आहे.

लिपीची अडचण आहे, असेही आता म्हणता येत नाही. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. देवनागरीत तर कधीही लिहिता येते.

मित्रांनो, उर्दूची शाळा टिकावी म्हणून आपण निवेदने देतो. द्यायलाच हवीत. पण स्वतःच्या भाषेसाठी मागतो ते शेजाऱ्याच्या भाषेसाठीही मागितले पाहिजे, नाहीतर तो इन्साफ नव्हे. आपण दाखल्यांची आणि अर्जांची शिबिरे घेतो. देवरी, सालेकसाकडच्या शिबिरात एका टेबलावर गोंडी बोलणारा कार्यकर्ता बसवू या. सूचनांचा कागद गोंडीतही छापू या. ॲपच्या यादीचे काम मी घेतो.