शुक्रवारची सुट्टी

(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला, "तू त्या एआयमध्ये काम करतेस ना, दहा मिनिटं बोल. पण झोप येईल असं नको." मी वीज कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. आईच्या मते मी "बोर्डात" आहे. बोर्डाचं विभाजन होऊन महावितरण झालं ते २००५ साली, पण आमच्याकडे लाइट गेली की आई आधी मला फोन करते आणि मग खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का ते बघते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील कामाला होते त्यांनी जरा हात वर करा. बघा, निम्मा हॉल! आपल्या घरी रविवार शुक्रवारी असायचा. आपण शाळेत आणि बाबा घरी. रविवारी आपण घरी, तर बाबा डबा घेऊन कंपनीत. मला वाटायचं, कंपनीच्या मालकाचा काही नवस असेल. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, तो नवस विजेचा होता. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू, असं झालं तर वीज पुरायची नाही. म्हणून साप्ताहिक सुट्ट्या वारांमध्ये वाटून दिल्या. पुण्याकडे गुरुवार, आपल्याकडे शुक्रवार. बाबांबरोबर रविवारी कुठे जाता आलं नाही, त्याचं कारण हे.

माझं आजचं काम त्याच सुट्टीची पुढची आवृत्ती आहे.

वीज गोदामात भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्या आल्यात, पण अख्ख्या राज्याला पुरतील एवढ्या नाहीत. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. मागणी वाढली की ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते, कमी झाली की वर जाते. म्हणून दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज लागेल याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधतात. राज्याचा हा हिशोब ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात सांभाळला जातो. पूर्वी मुरलेला इंजिनिअर गेल्या वर्षीची वही आणि आजचं आभाळ बघून आकडा सांगायचा, आणि तो बऱ्यापैकी बरोबर यायचा. आता तापमान, दमटपणा, ढग, सुट्ट्या, मागच्या अनेक वर्षांचा वापर हे सगळं प्रोग्रामला देतात. गणपतीत रात्री उशिरापर्यंत लोड का उतरत नाही हे त्याला समजावावं लागत नाही, आकड्यांतून तो ते ओळखतो. पण गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला येतात हे मात्र सांगावं लागतं! पंचांग नसलेला प्रोग्राम सप्टेंबरभर गोंधळतो.

आणि जे कधी घडलंच नाही त्याचा अंदाज तो काय बांधणार? ५ एप्रिल २०२० आठवा. रविवार, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी १२ ते १३ हजार मेगावॅटने उतरेल असा ग्रिड सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता. उतरली ३१ हजारांनी. सांगितलं होतं फक्त दिवे बंद करायला, लोकांनी उत्साहात बरंच काही बंद केलं. तरी ग्रिड पडलं नाही, कारण जलविद्युत केंद्रं आधीच सज्ज ठेवली होती. कोळशाचा संच सावकाश हलतो, पाण्याचा संच मिनिटांत चढतो-उतरतो. त्या रात्री माणसांनी डोकं वापरून मोठी फट ठेवली होती, म्हणून मशीनचा आणि माणसांचाही चुकलेला अंदाज पचला.

जाता जाता एक. भिवपुरीला टाटांचं १९२२ सालचं वीजकेंद्र आहे. तिथे चक्र फिरवून झालेलं पाणी उल्हास नदीत येतं, आणि त्याच नदीतून आपल्या गावांना पिण्याचं पाणी मिळतं. उन्हाळ्यात आपल्या नळाला येणारं पाणी आधी एकदा वीज करून आलेलं असू शकतं. हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर भूगोलात मार्क बरे पडले असते. (बाई, तक्रार नाही.)

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले ते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका वीज कंपनीसाठी मी वीजचोरी शोधणारा प्रोग्राम लिहिला. कल्पना सोपी आहे. डीपीत किती युनिट गेले ते मोजा, त्या डीपीवरच्या घरांची बिलं किती युनिटांची झाली ते मोजा, फरक म्हणजे गळती. मग कोणाचा वापर अचानक घसरला ते शोधा आणि पथक पाठवा. यादी तयार झाली. मी हौसेने एका वयस्कर लाइनमनबरोबर ती घरं बघायला गेले.

पहिलं घर कुलूपबंद, मुलगा आखातात. दुसऱ्या घरात एकट्या आजी, नवरा गेल्यापासून एक दिवा आणि एक पंखा. तिसऱ्या घरात शिलाईची चार मशीन झाकून ठेवलेली, काम मिळणं बंद झालेलं. आम्हाला बघून त्या बाई आधी घाबरल्या आणि मग रडायला लागल्या. लाइनमनकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ज्याचा आकडा पहिल्या दिवसापासून तारेवर आहे त्याचा वापर घसरेल कशाला?" मी गप्प. चोर माझ्या यादीत यायचं कारणच नव्हतं. माझ्या यादीत ज्यांची परिस्थिती बिघडली होती ते होते.

पुढची चूक याहून वाईट. प्रोग्रामला शिकवायला मी जुन्या धाडींच्या नोंदी दिल्या होत्या. पण धाडी पडल्या होत्या ठरावीक वस्त्यांमध्येच. जिथे कधी कोणी गेलंच नाही तिथली चोरी नोंदीत कुठून असणार? मशीन शिकलं ते एवढंच की अमुक वस्तीतला माणूस म्हणजे संशयित.

त्या रात्री मला माझी बाकावरची मैत्रीण आठवली. ती आज इथे बसली आहे, नाव घेत नाही. उल्हासनगर, कॅम्प नंबर पाच. वर्गात कोणाचं पेन गळलं, घड्याळ बंद पडलं की आपण तिच्याकडे बघून म्हणायचो, "मेड इन यूएसए!" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आपण सगळे हसायचो. मीही. तीही हसायची, आणि मी ते खरं हसू समजले. तीस वर्षांनी मी तोच विनोद कॉम्प्युटरला शिकवला होता, आणि तो हसत नव्हता, पथक पाठवत होता.

वस्तीचं नाव आणि धाडींच्या नोंदी आम्ही काढून टाकल्या. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी सगळ्या भागांतून घरं निवडून तपासायला लावली, बंगल्यांसकट. कंपनीचे साहेब नाखूश होते. त्या तपासणीत एक मोठं मंगल कार्यालय सापडलं, ज्याच्या हॉलमध्ये एसी लावूनही बिल एखाद्या चाळीतल्या खोलीएवढं यायचं. साहेबांची नाखुशी जरा कमी झाली. आणखी एक नियम केला. यादी आधी त्या भागातल्या लाइनमनने वाचायची, मगच पथक. तो नियम आजही चालू आहे का, मला माहीत नाही. ते काम संपलं.

आपल्याकडे सध्या स्मार्ट मीटरवरून वाद चालू आहेत. माझं मत विचाराल तर मीटर चुकीचा फिरेल याची मला फारशी भीती नाही. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने वापर नोंदवणारा मीटर तुम्ही कधी उठता, घराला कुलूप कधी असतं हेही सांगतो. ते कोण वाचणार आणि त्यावरून काय ठरवणार, हे विचारा. बिलाच्या रांगेत जोरात विचारा. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या विजेला सवलत आहे, कारण दिवसा सौरवीज मिळते. थोडक्यात, बाबांची शुक्रवारची सुट्टी आता तुमच्या वॉशिंग मशीनला लागू झाली आहे.

आपल्या वर्गातला एकजण महावितरणमध्ये लाइनमन आहे. २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी बदलापुरात शिरलं तेव्हा कोणती डीपी आधी बंद करायची हे त्याला कुठल्याही स्क्रीनवर दिसत नव्हतं. मगाशी चहा घेताना तो मला ते सांगत होता आणि कोणीतरी ग्रुप फोटोसाठी हाक मारली. संयोजकांना विनंती, पुढची दहा मिनिटं त्याला द्या. तो पाठीमागे दाराशी उभा आहे, निळा शर्ट, नको नको म्हणतोय.