मोजपट्टी आणि विद्यार्थी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



गुणवंतांच्या सत्काराच्या या प्रसंगी, ज्यांची गुणपत्रिका परीक्षेविना तयार झाली, त्या २०२१ च्या दहावीच्या मुलांचे स्मरण उचित ठरेल.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षी दहावीचा फक्त भूगोलाचा पेपर राहिला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. पुढील वर्षी मात्र संपूर्ण परीक्षाच रद्द झाली. अमरावतीत तर २२ फेब्रुवारी २०२१ पासूनच पुन्हा टाळेबंदी आली होती. प्रत्येक विषयात ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक व गृहपाठावरून ठरले. नववीची वार्षिक परीक्षाही २०२० मध्ये झाली नव्हती. म्हणजे निम्मे गुण ज्या वर्षाचे, त्या वर्षाचा उत्तरार्ध मोजलाच गेला नव्हता.

निकाल ९९.९५ टक्के लागला. शंभर टक्के गुण मिळवणारे आदल्या वर्षी २४२ होते, ते ९५७ झाले. अकरावी प्रवेशासाठी योजलेली सामायिक परीक्षा १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि अखेर तेच गुण प्रवेशाचा आधार ठरले.

गज बदलला की आकडा बदलतो. त्याचा दोष कोणी कापडाला देत नाही. तरीही मुलाखतीत किंवा बायोडाटा पाहताना 'कोरोनाची बॅच' असा शेरा सहज मारला जातो. मोजपट्टी मुलांनी निवडली नव्हती. म्हणून हा शेरा अन्यायाचा आहे.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गुण मिळाले म्हणजे विद्या मिळालीच, असे नव्हे. घरात मोबाईल एक आणि भावंडे तीन, अशा स्थितीत ज्याचे बीजगणित कच्चे राहिले, त्याला अकरावीत भौतिकशास्त्रही जड गेले आणि सांख्यिकीही. ही उणीव गुणपत्रिकेत दिसत नाही. ती पुढच्या वर्गात दिसते.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शाळांनी वर्षभराच्या चाचण्यांची नोंद काटेकोर ठेवावी, कारण संकटकाळी तीच विद्यार्थ्याची साक्ष ठरते. आणि समाजसंस्थांनी शिष्यवृत्ती देताना टक्केवारीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : या मुलाचे काय शिकायचे राहून गेले आहे? सत्काराची शाल एका दिवसाची असते. राहिलेला धडा शिकवणारा शिक्षक मिळवून दिला, तर ते साहाय्य आयुष्यभर पुरते.