गोळ्यांचा गोल डबा

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे तळ आहेत. शिरूर, म्हणजे जुने घोडनदी, ही तर एकेकाळची फौजेची छावणी. तेव्हा इकडच्या माणसाला बंदुकीची नवलाई नाही. पण कोणी विचारील, "मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त मावल्या, म्हणजे बंदूक जास्त चांगली, होय ना?"

तसे नाही बरे. अमेरिकेच्या थॉमसन बंदुकीला 50 आणि 100 गोळ्यांचे गोल डबे असत. ते जड; शिवाय चालताना आत गोळ्या खुळखुळत आणि रात्रीच्या गस्तीत वैरी सावध होई. 1942 च्या सुधारलेल्या थॉमसनला गोल डबा बसतच नसे. रशियाच्या 'पेपेशा'चा डबा 71 गोळ्यांचा. पण तो भरायला वेळ लागे आणि एका बंदुकीचा डबा दुसरीला नीट बसेलच असा नेम नव्हता. पुढे तिला 35 गोळ्यांचा साधा, वाकडा डबाही दिला गेला.

पाभरीच्या चाड्यात बी कितीही ओता, नळी तुंबली की पेरणी थांबलीच! गोल डब्यातही घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते. धूळ शिरली, पत्रा चेपला, की गोळी अडते. शेतात फार तर एखादे तास रिकामे जाईल. चकमकीत जवानाचा जीव जातो. म्हणून डबा केवढा हे मागाहून विचारावे. दर खेपेस गोळी वर येते ना, हे आधी.