फोल्डर नव्हे, इतिहास वाटून घ्या

जबलपुरात प्रोग्रामिंग करणाऱ्या अनेकांचे काम आता एका संगणकावर भागत नाही. तिलवाऱ्याच्या खोलीवर विंडोजचा लॅपटॉप, त्यातच डब्ल्यूएसएलमधले लिनक्स, जोडीला डॉकरचा कंटेनर, आणि बरगी हिल्सच्या आयटी पार्कात किंवा डुमन्याच्या ट्रिपलआयटीत आणखी एक यंत्र. कोड मात्र एकच. मग साहजिकच वाटते, की गिटची रिपॉझिटरी एकाच फोल्डरात ठेवावी, सगळीकडून तेच उघडावे आणि दोन यंत्रांमधला मेळ ड्रॉपबॉक्सने घालावा. माझे म्हणणे नेमके उलट आहे. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र क्लोन असावा आणि देवाणघेवाण फक्त पुश-पुलने व्हावी.

याचे कारण गिटच्या पोटात आहे. डॉट-गिट फोल्डरमध्ये इंडेक्स नावाची फाइल असते. प्रत्येक फाइलचा आकार, ती शेवटी बदलल्याची वेळ, डिस्कवरचा तिचा क्रमांक अशी नोंद तिच्यात असते, म्हणजे दरवेळी सगळा मजकूर वाचावा लागत नाही. विंडोजने केलेली ही नोंद लिनक्सच्या गिटला जुळली नाही, की ते एकेक फाइल पुन्हा वाचत बसते. त्यात विंडोजच्या बाजूने ओळींच्या शेवटची खूण बदललेली असली, तर एक अक्षरही न बदलता शेकडो फायली बदललेल्या दिसतात. ड्रॉपबॉक्सचा धोका याहून मोठा. लिहिताना गिट इंडेक्स-लॉक नावाची फाइल ठेवून दुसऱ्याला अडवते. पण ही आडकाठी त्या एका यंत्रापुरती. दुसऱ्या यंत्रावर फायली वाटेल त्या क्रमाने पोचतात. ब्रँच नव्या कमिटकडे बोट दाखवते आणि ते कमिट अजून आलेलेच नसते. कंटेनरला फोल्डर जोडून कोड चालवायला हरकत नाही, फक्त गिटच्या आज्ञा एकाच बाजूने द्याव्यात. कंटेनरमधला वापरकर्ता अनेकदा वेगळा असतो, आणि एप्रिल 2022 पासून दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये गिट काम करायला नकार देते. त्यावर सेफ-डिरेक्टरी या सेटिंगमध्ये सरसकट तारा (*) टाकून मोकळे होणारे आपलेच संरक्षण काढून टाकतात.

कोणी म्हणेल, प्रती वाढल्या की पाठभेद वाढतात. शंका रास्त आहे. शके 1506 मध्ये एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली, ती याचमुळे. पण तिथे प्रती अनेक होत्या हे दुखणे नव्हते. कोणता शब्द कोणी, केव्हा बदलला याची नोंद प्रतींबरोबर चालत आली नव्हती. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले ते हजारो प्रती स्वतंत्रपणे वाढतील हे गृहीत धरूनच. इथे प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटची ओळख बरोबर बाळगते, त्यामुळे दोन प्रती कुठे फुटल्या ते नेमके सापडते.

जास्त प्रतींना जास्त जागा लागते, हा आक्षेप तितका टिकत नाही. एकाच फाइल सिस्टिमवर क्लोन केला तर गिट इतिहासाच्या फायली हार्ड लिंकने जोडते, त्यांची नक्कल करत नाही. एकाच वातावरणात दोन ब्रँच उघड्या हव्या असतील, तर 2015 पासून वर्कट्री, म्हणजे त्याच रिपॉझिटरीला जोडलेला आणखी एक कामाचा फोल्डर, ही सोय आहे. मात्र विंडोज आणि डब्ल्यूएसएल यांच्यात ती वाटून घेऊ नये. तिच्यात सहसा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि एकीकडचा पत्ता दुसरीकडे लागत नाही.

खरी अडचण अर्धवट कामाची आहे, कारण कमिट न केलेले काही पुशने जात नाही. त्यासाठी स्वतःच्या नावाची तात्पुरती ब्रँच काढून अर्धे काम बेधडक कमिट करावे आणि मुख्य ब्रँचमध्ये घेताना ते एकत्र करून नीटनेटके करावे. नेट नाही, ही सबब गिटपुढे चालत नाही. घरच्याच यंत्रावर एक बेअर रिपॉझिटरी, म्हणजे कामाच्या फायली नसलेला नुसता इतिहास, ठेवली की विंडोज आणि लिनक्स दोन्ही तिथेच पुश करू शकतात. आणि ओळींच्या खुणांचा नियम प्रत्येकाच्या सेटिंगवर न सोडता गिट-अॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये लिहून कमिट करावा, म्हणजे तो प्रत्येक क्लोनबरोबर आपोआप जाईल.