दुखते दाढ, पट्टा दंडाला का?

लोहाऱ्यात दंतवैद्य म्हणून काम करताना एक प्रश्न मला हमखास ऐकावा लागतो. सास्तूर, जेवळी, माकणीकडून आलेला पेशंट खुर्चीत बसतो. मी रक्तदाबाचं यंत्र काढलं, की तो म्हणतो, "डॉक्टर, दुखतंय दाढंला आन् पट्टा दंडाला कशापायी?"

प्रश्न रास्त आहे. रक्तदाब वाढला तरी बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. न दुखणाऱ्या आजारासाठी मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? दाढ मात्र रात्रभर झोपू देत नाही. त्यामुळे आयुष्यात कधी रक्तदाब न मोजलेला माणूसही आमच्याकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या ४६ टक्के लोकांना त्याचा पत्ताच नाही. पुढे पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार होतो, तेव्हा तो कळतो. तोवर घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला असतो.

अर्थात, दुखण्यानं, भीतीनं, नुकत्याच घेतलेल्या चहा-तंबाखूनंही आकडा वाढतो. म्हणून मी पेशंटला पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजतो. आकडा १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला, तर लगेच 'बीपी आहे' असा शिक्का मारत नाही. चिठ्ठीवर आकडा लिहून फिजिशियनकडे किंवा सरकारी दवाखान्यात पाठवतो. निदान आणि गोळ्या हे त्यांचं काम. आकडा १८०/११० च्या पुढे असला, तर दाढ काढणं पुढे ढकलतो, कारण अशा वेळी रक्तस्राव आवरणं अवघड जाऊ शकतं आणि हृदयावरही ताण येतो.

बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर दंतवैद्याला जरूर सांगा. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीनं काहींच्या हिरड्या वाढतात. पण म्हणून ती मनानं बंद करू नका. दाढदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब वाढवतात, हेही लक्षात ठेवा.

तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो. त्यासाठी दाढ दुखायची वाट पाहू नका.