महाराष्ट्राची नोंदवही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला बोलण्यास पाचारण केले तेव्हा विषय माझ्याच मर्जीवर सोपविला होता. मी ‘रणजी करंडकातील महाराष्ट्र संघाचे आकडे’ असा विषय कळविल्यावर चिटणीसांच्या मुद्रेवर जी छाया पसरली ती मी पाहिली आहे. एखाद्या संतकवीवर अथवा मराठेशाहीतील दिल्लीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांचे अधिकारी या सभागृहात माझ्याहून कितीतरी थोर बसले आहेत. माझ्यापाशी आहे ती एक जुनी, लांबट, तपकिरी पुठ्ठ्याची नोंदवही. ती मी आज सोबत आणली आहे.

ही वही माझ्या थोरल्या बंधूंनी पुण्यात आप्पा बळवंत चौकात विकत घेतली. ते माझ्याहून अकरा वर्षांनी वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. १९७१ साली मी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो, त्या वेळी स्टेशनवर निरोप देताना त्यांनी ही वही माझ्या हाती ठेवली आणि सांगितले, “मी आकडे कळवीत जाईन, तू मांडीत जा.” त्या काळी दिल्लीच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत महाराष्ट्राच्या सामन्याला दोन ओळींची जागा मिळे, आणि तीही धावफलकावाचून. मग अण्णांचे आंतर्देशीय पत्र येई. त्यात घरच्या प्रकृतीस्वास्थ्याच्या चार ओळी आणि उरलेल्या जागेत अखंड धावफलक. आईच्या आजारपणाचे वृत्तही मला एकदा तिसऱ्या डावाच्या खाली वाचावयास मिळाले होते.

आता कोणी विचारील की, नोंदी ठेवावयाच्या तर मुंबईच्या का नव्हेत? मुंबईने हा करंडक मार्च २०२४ मध्ये बेचाळिसाव्या वेळी जिंकला. महाराष्ट्राने जिंकला तो दोनदा, १९३९–४० आणि १९४०–४१ या लागोपाठच्या हंगामांत, आणि दोन्ही वेळा कर्णधार होते प्राध्यापक दि. ब. देवधर. नंतर महाराष्ट्र तीनदा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व तिन्ही वेळा हरला: १९७०–७१ मध्ये मुंबईशी, १९९२–९३ मध्ये पंजाबशी आणि २०१३–१४ मध्ये कर्नाटकाशी. यांपैकी पहिली हार अण्णांना जन्मभर डाचली. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर असे मोहरे त्या वेळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या मुंबईने बोर्डे यांच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. “राजा घरी नसताना प्रधानाने मारले,” असे अण्णा म्हणत.

तेव्हा ही पराभूतांची वही आहे हे मी आधीच मान्य करतो. पण गंमत अशी की, आकड्यांच्या जगात विजेत्यांनी जेवढे विक्रम सोडले नाहीत तेवढे या संघाने सोडले आहेत. विजय हजारे यांनी १९३९–४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, ते भारतीयाचे प्रथम श्रेणीतील पहिले त्रिशतक. पुढील हंगामात देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या सामन्यात मुंबईच्या ६५० आणि महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या. संस्कृत शिकविणाऱ्या या प्राध्यापकाने त्यानंतरही, १९४४ साली, बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली: १०५ आणि १४१. माझ्या कचेरीत बावन्नाव्या वर्षी माणसे निवृत्तिवेतनाचा हिशोब मांडू लागत.

या वहीतील ज्या पानावर सर्वांत अधिक बोटे फिरली आहेत ते पान डिसेंबर १९४८ चे. सामना पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर, प्रतिपक्ष काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. कोल्हापूरच्या या फलंदाजाने भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकरांच्या त्यांत २०५. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली, तेव्हा निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ४९ चौकार, एक षटकार, ४९४ मिनिटे. सर डोनाल्ड ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनीला केलेल्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. अशा क्षणी खेळ विश्रांतीसाठी थांबला. महाराष्ट्राच्या बाजूने विनंती झाली की, दोनचार षटके टाका, विक्रम झाला की आम्ही डाव घोषित करतो. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांना आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाशी जोडले जाणे मानवले नाही. त्यांनी सामनाच सोडून दिला.

अण्णा त्या वेळी बारा वर्षांचे होते. तिसऱ्या दिवशी शाळा बुडवून ते मैदानाबाहेर उभे होते. दुपारी लोक परत फिरू लागले तेव्हा त्यांना वाटले, विक्रम झाला! ते घरापर्यंत धावत आले आणि आजोबांना सांगितले, “झाला!” खरा प्रकार संध्याकाळी कळला. पुढे कितीतरी वर्षे, या प्रसंगाचे वर्णन करताना ते ठाकोरसाहेबांवर रागावत नसत, स्वतःवरच रागावत. खात्री न करता आकडा सांगितला, हे त्यांचे दुःख. ही वही सुरू होण्याचे खरे कारण तेच असावे, असा माझा तर्क आहे.

निंबाळकर भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. भारतीयाने केलेला हा सर्वोच्च डाव आजही त्यांच्याच नावावर आहे. जागतिक यादीत ब्रायन लाराच्या नाबाद ५०१, हनीफ महंमदच्या ४९९ आणि ब्रॅडमनच्या ४५२ यांच्यानंतर त्यांचे नाव येते. चारशे धावांचा डाव खेळूनही कसोटीच्या उंबरठ्यावरच राहिलेला जगातील एकमेव फलंदाज असे मी फार वर्षे अभिमानाने, म्हणजे खरे तर रागाने, सांगत असे. २०२२ साली ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टने नाबाद ४१० धावा केल्या. त्यालाही तेव्हापर्यंत इंग्लंडने कसोटीत खेळविले नव्हते. तेव्हा तो शब्द मी वहीतून खोडला. आपल्या पहाडगंजाला लागून करनैलसिंग स्टेडियम आहे ते रेल्वेच्या संघाचे मैदान. निंबाळकर उत्तरायुष्यात रेल्वेकडूनही खेळले. तेथून जाताना मी अजून क्षणभर थांबतो. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्याच हंगामातील दुसरे पान मार्च १९४९ चे. उपांत्य सामना, पुणे, प्रतिपक्ष मुंबई. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एकंदर २३७६ धावा आणि नऊ शतके. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात अन्यत्र कोठेही झालेल्या नाहीत. विजयासाठी ९५९ धावांचे आव्हान समोर असताना एखाद्या संघाने शस्त्रे खाली ठेवली असती. महाराष्ट्राने ६०४ केल्या. सामन्यात १०११ धावा करूनही हा संघ ३५४ धावांनी हरला. मराठी माणसाच्या स्वभावाविषयी जे काही लिहिले गेले आहे त्यात या एका बेरजेची भर घालावी अशी माझी नम्र सूचना आहे.

नंतरच्या पिढ्यांविषयी थोडक्यात सांगतो. सुरेंद्र भावे यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ५८ च्या वर, शंतनू सुगवेकर यांची ६३ च्या वर; दोघांनाही भारताची टोपी मिळाली नाही. सुगवेकर १९८८–८९ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध २९९ धावांवर नाबाद राहिले. ब्रॅडमनही १९३२ साली ॲडलेडला २९९ वरच नाबाद राहिले होते. पण त्यांच्यापाशी तीनशेच्या वरचे डाव इतरही होते.

हा सारा उद्योग विचित्र आहे, असे मला स्वतःलाही वाटत असे. २००८ साली कन्येकडे मँचेस्टरला गेलो असता जवळच्या रॉशडेल या गावी जाणे झाले. सहकाराच्या पाठ्यपुस्तकांतून आपण सर्वांनी १८४४ च्या रॉशडेलच्या विणकरांविषयी वाचले आहे. मी त्यांचे दुकान पाहावयास गेलो होतो. पण त्या गावाचा एक फुटबॉल संघही आहे. तो १९७४ पासून इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, श्रेणीत बसून होता. त्याच्या आदल्या हंगामात ४६ सामन्यांपैकी त्याने फक्त दोन जिंकले होते. पण १९६२ साली हाच संघ लीग करंडकाच्या अंतिम फेरीत खेळला होता, आणि नॉर्विचकडून हरला होता. हे सर्व मला एका अनोळखी वृद्ध गृहस्थाने वाचनालयात सांगितले. त्याच्यापुढे त्या संघाच्या नोंदींचा एक जाडजूड ग्रंथ होता. मी त्याला निंबाळकरांची हकीकत सांगितली. त्याने ४४३ हा आकडा त्या ग्रंथाच्या समासात पेन्सिलीने लिहून घेतला. तो संघ २०१० मध्ये एकदाचा वर चढला आणि २०२३ मध्ये त्या व्यावसायिक श्रेण्यांतूनही बाहेर पडला. हे वृत्त वाचले तेव्हा मला त्या गृहस्थाची आठवण झाली.

आता शेवटचे पान. अण्णा २०१५ साली वारले. आंतर्देशीय पत्रे केव्हाच बंद झाली होती. पण प्रत्येक सामन्यानंतर त्यांचा दूरध्वनी येत असे. तो थांबला तशी वही मी कपाटात ठेवून दिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि दिल्ली यांचा सामना झाला. त्या हंगामात सर्व सामने त्रयस्थ मैदानांवर होते, म्हणून हा सामना मुंबईला वानखेडेवर झाला. महाराष्ट्राचे दोन गडी ४१ धावांत बाद झाले आणि नंतर दिल्लीला एकही गडी मिळाला नाही. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८. भागीदारी ५९४ धावांची. हजारे आणि गुल महंमद यांचा बडोद्याकडून केलेला ५७७ धावांचा १९४७ पासूनचा विक्रम मागे पडला. जागतिक विक्रम संगकारा आणि जयवर्धने यांचा, ६२४ धावांचा. तीस धावा हव्या होत्या बरोबरी साधावयास. कर्णधार स्वतः गुगळेच होता, आणि त्याने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला! कोणत्या ठाकोरसाहेबांनी अडविले नव्हते. मी घरात एकटाच येरझारा घालीत होतो आणि माझा हात दूरध्वनीकडे गेला.

माझा नातू त्या वेळी दहा वर्षांचा होता. त्याचा जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची, मराठी घरापुरती, आणि संघ अर्थातच दिल्लीचा. ऋषभ पंतने दिल्लीकडून ३०८ धावा कुटल्या तेव्हा तो गच्चीवर जाऊन ओरडला. दिल्लीचा डाव ५९० वर संपला. पहिल्या डावातील आघाडी महाराष्ट्राची, सामना अनिर्णित. रात्री तो माझ्याजवळ आला आणि विचारू लागला, “आजोबा, तुमच्या वहीत पंत लिहिणार की नाही? तो तर आपला.” ‘आपला’ या शब्दावर मी जरासा अडखळलो. पंचेचाळीस वर्षे मी या शहरात राहिलो, माझे घर येथे, माझी पत्नी निगमबोध घाटावर गेली, आणि तरीही आकडे मांडावयाची वेळ आली की मी पुण्याचाच. मी त्याला सांगितले की, प्रतिपक्षाचा धावफलकही पुराच लिहावयाचा असतो, अण्णांचा तो नियमच होता. मग मी वही काढली. महाराष्ट्राचा डाव मी लिहिला. दिल्लीचा डाव त्याने त्याच्या वळणदार, किंचित हिंदी धाटणीच्या देवनागरीत लिहिला, आणि ३०८ च्या खाली दोन रेघा ओढल्या. तेव्हापासूनची सर्व पाने त्याच्या हातची आहेत.

एक विनंती करून थांबतो. या स्मरणिकेसाठी मंडळाच्या आरंभीच्या वर्षांचे इतिवृत्त शोधावयास गेलो तेव्हा कळले की, जागा बदलताना त्या वह्या रद्दीत गेल्या. पहिल्या गणेशोत्सवाला किती पाने बसली, पहिल्या नाटकात स्त्रीभूमिका कोणी केली, वर्गणी किती होती, हे आज कोणासही निश्चित सांगता येत नाही. करोलबागेत, सरोजिनीनगरात, नोएडा वा फरिदाबादेस ज्यांच्या माळ्यावर जुनी निमंत्रणपत्रे, पावतीपुस्तके, छायाचित्रे असतील त्यांनी ती पुढील रविवारी सकाळी येथे आणावीत. मी आणि माझा नातू दहा वाजल्यापासून मेज मांडून बसू. कागद त्याच दिवशी परत मिळतील. आम्हाला फक्त उतरून घ्यावयाचे आहे.